दिवस भरत आल्यावर घरच्या बाळंतपणासाठी मिडवाइफ ठरवताना

चौतिसावा-पस्तिसावा आठवडा उलटला आणि आता मनाने घेतलंय, बाळंतपण घरीच करायचं. कुणाला आधीच्या खेपेचा हॉस्पिटलचा अनुभव पुन्हा नको असतो. कुणाची ठरलेली मिडवाइफ ऐनवेळी माघार घेते. कुणी आठव्या महिन्यात घर बदललेलं असतं. कुणाच्या मनात हे पहिल्यापासून असतं, पण घरच्यांसमोर बोलायचा धीर आता होतो. कारण काहीही असो, हातात वेळ थोडा आहे. तो किती, हे आधी मोजू.

३७ आठवडे पूर्ण झाले की बाळ पूर्ण दिवसांचं धरतात. मिडवाइफ घरी यायला तयार होते ती साधारण ३७ ते ४२ आठवड्यांच्या मध्ये कळा सुरू झाल्या तरच. म्हणजे आज ३५ आठवडे झाले असतील, तर तयारीला दोन आठवडेही असू शकतात आणि सातही. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेवर विसंबू नका, नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात. सगळा हिशेब ३७ आठवड्यांचा धरा. तोवर मिडवाइफ ठरलेली, हॉस्पिटलात नाव घातलेलं, घर तयार.

एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण पुढचं बरंचसं तिच्याभोवतीच आहे. उशिरा शोधायला लागलेली बाई कुणीतरी 'हो' म्हणेल का, या काळजीत असते. 'हो' म्हणणारं कुणीतरी मिळतंच. कागद न बघता, पोटाला हात न लावता, फोनवरच "काही काळजी करू नका, होऊन जाईल" म्हणणारी भेटली, की जपून राहा. शोधायची ती वेळ पडली तर तुम्हाला 'नाही' म्हणेल अशी मिडवाइफ.

शब्दांचा घोळही मिटवू. सुईण, दाई, मिडवाइफ हे शब्द आपण सरसकट वापरतो. या लेखात मिडवाइफ म्हणजे प्रसूतीशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेली, ती जिथे काम करते तिथल्या अधिकृत नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती. अनुभवातून तयार झालेल्या दाईचा हात कितीही हलका असला, तरी रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन आणि बाळाला श्वास द्यायचं साधन तिच्याकडे नसेल, तर ती या कामाला पुरणार नाही. आणि डूला म्हणजे सोबतीण. ती पाठ चोळेल, धीर देईल, पण बाळाचे ठोके तपासणं आणि बाळंतपण करणं हे तिचं काम नाही. डूला आहे म्हणून मिडवाइफ नको, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

१. आधी स्वतःलाच विचारा : माझं घरी होण्यासारखं आहे का?

फोन करायच्या आधी हे करा, नाहीतर हाताशी असलेले थोडे दिवस नकार ऐकण्यात जातील.

काही बाबतींत उत्तर सरळ 'हॉस्पिटल' असं आहे. जुळी, आडवं किंवा पायाळू बाळ, गर्भाशयाचं तोंड झाकणारी किंवा तोंडापासून २ सेंटीमीटरच्या आत असलेली वार, १४०/९० किंवा त्याहून वर गेलेला रक्तदाब, इन्सुलिनवर असलेला मधुमेह, हृदयविकार, फिट्सचा आजार, पोटात नीट न वाढणारं बाळ, ३७ आठवड्यांच्या आत सुरू झालेल्या कळा. आधीच्या खेपेला बाळंतपणानंतर खूप रक्त गेलं असेल किंवा बाळाचे खांदे अडकले असतील, तर तेही यातच धरा.

आधीचं सिझर असेल तर? यावरून सगळ्यात जास्त वाद होतात, म्हणून थोडं थांबते. सिझरनंतर नॉर्मल बाळंतपण होतं आणि पुष्कळदा छान होतं. पण कळा आपोआप सुरू झाल्या तरी जुना टाका उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एक इतका असतो. तो उसवला, तर बाळाला बाहेर काढायला मोजकी मिनिटं मिळतात. ऑपरेशन थिएटर त्याच इमारतीत असेल तर ती पुरतात, वाटेत गाडीत असाल तर पुरत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे : सिझरनंतर नॉर्मलचा आग्रह जरूर धरा, पण घराचा नको.

बाळ पायाळू असेल तर अजून दार बंद झालेलं नाही. पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी शंभरात तीन-चार पायाळू राहतात. ३६-३७ आठवड्यांच्या सुमाराला तज्ज्ञ डॉक्टर पोटावरून बाळ फिरवून पाहतात आणि जवळपास निम्म्या वेळा ते फिरतं. हे हॉस्पिटलातच करून घ्यायचं. घरी पोट चोळून बाळ वळवू देऊ नका. विसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत वार खाली दिसली होती म्हणूनही लगेच निराश होऊ नका. पोट वाढतं तशी ती बहुतेकींमध्ये वर सरकते. फक्त ३२ आठवड्यांना आणि गरज पडली तर ३६ ला पुन्हा बघून घ्या.

आता पहिलटकरणींसाठी. इंग्लंडमध्ये २००८ ते २०१० या काळात कमी जोखमीच्या सुमारे ६४,००० बायकांच्या बाळंतपणांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांनी घर निवडलं काय नि हॉस्पिटल काय, बाळाच्या प्रकृतीत ठळक फरक दिसला नाही. पहिल्या खेपेला मात्र बाळाला गंभीर इजा किंवा मृत्यू यांचं प्रमाण हॉस्पिटलात हजारी ५.३ होतं, घर ठरवलेल्यांत हजारी ९.३. दोन्ही आकडे लहान आहेत, पण दुसरा मोठा आहे, आणि तो तुमच्यापासून लपवणाऱ्या माणसावर भरवसा ठेवू नका. त्याच अभ्यासात घर ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना बाळंतपणाआधी किंवा लगेच नंतर हॉस्पिटलात हलवावं लागलं. आधी मूल झालेल्यांपैकी १२ टक्क्यांना. हलवायचं मुख्य कारण धावपळीचं नव्हतं, बाळंतपण पुढे सरकत नव्हतं. शिवाय हे आकडे जिथे शिकलेली मिडवाइफ, रुग्णवाहिका आणि हॉस्पिटल एकमेकांशी जोडलेले आहेत तिथले आहेत. तुमच्याकडे ही साखळी तुटकी असेल, तर ते तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत.

२. फाईल जुळवा

उशिरा आलेल्या बाईला मिडवाइफ नाकारते, त्याचं एक मोठं कारण तिला तुमच्याबद्दल काही ठाऊक नसतं. सहा-सात महिने ज्यांनी तपासलं त्यांच्याकडून कागद मागून घ्या. ते तुमचे आहेत, मागायला संकोच नको. लागतात ते असे : सगळ्या सोनोग्राफी, रक्तगट आणि आरएच, अलीकडचं हिमोग्लोबिन, साखरेची तपासणी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसचे रिपोर्ट, प्रत्येक भेटीतला रक्तदाब, आणि आधीचं बाळंतपण असेल तर त्याचं डिस्चार्ज कार्ड. डिस्चार्ज कार्डावर रक्त किती गेलं ते लिहिलेलं असतं. बहुतेकींनी ते कधी वाचलेलंच नसतं. वाचा.

हिमोग्लोबिन महिनाभर जुनं असेल तर पुन्हा करून घ्या. ११ च्या खाली असेल तर गोळ्यांबद्दल आजच विचारा. रक्त वाढायला आठवडे लागतात, आणि बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं तर निभावून नेण्याची ताकद याच आकड्यावर ठरते. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर बाळाचा गट तपासून गरज पडल्यास ७२ तासांच्या आत अँटी-डी (आईच्या अंगात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिकार तयार होऊ नये म्हणूनचं) इंजेक्शन घ्यायचं असतं. ते घरी कोण देणार हे आधी ठरवावं लागतं.

३. शोधायचं कुठे

पहिला फोन ज्या हॉस्पिटलात तपासणी चालू आहे तिथेच करा. काही ठिकाणी हॉस्पिटलचीच घरी येणारी मिडवाइफ-टीम असते. तशी सोय असेल तर बाकी शोध तिथेच थांबवा, कारण त्यांच्यात हॉस्पिटलशी दुवा आधीच असतो. ती नसेल तर मिडवाइफांची नोंदणी करणारी अधिकृत परिषद, मिडवाइफांची संघटना आणि मिडवाइफ चालवत असलेली प्रसूतीकेंद्रं, या क्रमाने जा. प्रसूतीकेंद्राला स्वतःला जागा नसली, तरी मोकळं कोण आहे हे तिथे बहुधा ठाऊक असतं. मैत्रिणीने सांगितलेलं नाव वाईट नाही. पण 'माझं छान झालं' यावरून फार कळत नाही, कारण बिनगुंत्याचं बाळंतपण कुणाच्याही हातून छानच होतं.

एकीच्या उत्तराची वाट बघत बसू नका. एका दिवसात पाच-सहा जणींना निरोप धाडा आणि पहिल्याच निरोपात इतकी माहिती द्या की तिला लगेच ठरवता येईल. उदाहरणार्थ :

"नमस्कार. मला ३५ आठवडे पूर्ण झाले आहेत. दुसरी खेप. पहिलं बाळंतपण नॉर्मल, ३९ व्या आठवड्यात, रक्तस्राव जास्त नव्हता. आत्ता बाळ डोक्याकडून, वार वर, रक्तदाब ११०/७०, हिमोग्लोबिन ११.४, रक्तगट बी पॉझिटिव्ह, साखर नॉर्मल. घरापासून ऑपरेशनची सोय असलेलं हॉस्पिटल गाडीने १५ मिनिटांवर. घरी बाळंत व्हायचा विचार आहे. ३७ ते ४२ आठवडे या काळात तुम्हाला जमेल का? जमणार नसेल तर कुणाचं नाव सुचवाल का?"

शेवटचं वाक्य गाळू नका. नकाराबरोबर बहुतेकदा एखादं नाव मिळतं. आणि अडचणीची गोष्ट लपवू नका. लपवलेला रक्तदाब पहिल्याच भेटीत तिच्या यंत्रावर दिसणार आहे. मग तो आठवडाही गेला आणि तुमच्यावरचा विश्वासही.

४. भेट : तिला काय विचारायचं

ही भेट समोरासमोर हवी, शक्यतो तुमच्याबरोबर बाळंतपणात असणाऱ्या माणसासह. तासभर तरी ठेवा. तिचा स्वभाव आवडणं महत्त्वाचं आहे. कळांमध्ये जिच्या आवाजानेच अंग आखडतं ती बाई उपयोगाची नाही. पण स्वभाव पहिल्या दहा मिनिटांत कळतो. उरलेला वेळ पुढच्या प्रश्नांना द्या.

नोंदणी क्रमांक विचारा आणि घरी गेल्यावर तो तपासा. मुख्य जबाबदारी घेऊन किती बाळंतपणं केली, त्यातली घरी किती, आणि त्यातल्या किती जणींना हॉस्पिटलात हलवलं? हे तिसरं उत्तर नीट ऐका. "मला आजवर कुणाला न्यावंच लागलं नाही" हे ऐकायला गोड वाटतं. वरचे ४५ आणि १२ टक्के आठवा. पुष्कळ बाळंतपणं करूनही जिने कुणालाच हलवलं नाही, ती एकतर मोजत नाही किंवा वेळेवर हलवत नाही. चांगली मिडवाइफ असे प्रसंग तपशिलाने सांगते. केव्हा शंका आली, किती वाजता निघालो, पुढे काय झालं.

मग रक्तस्रावाबद्दल. "शेवटचा मोठा रक्तस्राव केव्हा पाहिला आणि तेव्हा पायरीपायरीने काय केलं?" बाळंतपणानंतर ५०० मिलिलिटरच्या वर रक्त गेलं तर ते जास्त मानतात, आणि ते मिनिटामिनिटाला वाढू शकतं. उत्तरात ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळून रक्त थांबवणारं औषध, यायलाच हवं (बाळ बाहेर आल्यावर १० युनिट स्नायूत देतात). त्यापुढे दुसरं औषध, सलाईन, पोटावरून गर्भाशय चोळणं, वार पूर्ण आली का ते पाहणं, आणि रुग्णवाहिका कोणत्या क्षणी बोलावायची हेही यावं. ट्रानेक्झॅमिक ॲसिड या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाचं नाव तिने आपणहून घेतलं तर तिचं वाचन चालू आहे असं समजा. ते बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत द्यावं लागतं.

आणखी एक प्रश्न, जो फार कुणी विचारत नाही : "ऑक्सिटोसिन तुम्ही प्रवासात थंड कसं ठेवता?" हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, नाहीतर त्याची ताकद हळूहळू जाते. बर्फाच्या डब्याबद्दल, थर्मामीटरबद्दल, बाटलीवरच्या मुदतीबद्दल जी चटकन बोलते, तिची बॅग तयार असते. पर्समधून बाटली काढून दाखवली, तर चहा पिऊन निघा.

बाळाबद्दल विचारा. दहातल्या एखाद्या बाळाला पहिला श्वास घ्यायला थोडी मदत लागते. बहुतेकांचं पुसण्या-चोळण्याने भागतं, काहींना पिशवी आणि मास्कने हवा द्यावी लागते, आणि तीही पहिल्या मिनिटातच. हे प्रशिक्षण तिने शेवटचं केव्हा घेतलं? पिशवी-मास्क बघायला मिळेल का? याच ओघात दुसऱ्या मदतनिसाचा विषय काढा. बाळ बाहेर आलं की रुग्ण दोन होतात. आईला रक्त जातंय आणि बाळ रडत नाहीये, अशा वेळी एकटी बाई काय करणार? प्रशिक्षित हात दोन जोड्या हव्यात, याबाबत तडजोड करू नका.

बाळाचे ठोके किती वेळाने ऐकणार? खऱ्या कळा लागल्यावर साधारण दर १५ मिनिटांनी, आणि जोर करायला लागल्यावर दर ५ मिनिटांनी, कळ ओसरली की मिनिटभर ऐकायचे असतात. मिनिटाला ११० ते १६० ठोके ही नेहमीची पातळी. हे आकडे तिला आठवत न बसता सांगता आले पाहिजेत.

तिला हेही विचारा : त्याच रात्री दुसरी बाई अडली तर? तुम्ही आजारी पडलात तर? बदली येणारीला मी आधी भेटू शकते का? उशिरा ठरवणाऱ्यांच्या वाट्याला पुष्कळदा 'कुणीतरी येईल' हेच येतं. त्या कुणीतरीचं नाव घ्या.

आणि शेवटचा प्रश्न : "माझ्या बाबतीत कोणत्या क्षणी तुम्ही म्हणाल, आता घरी नको?" उत्तर नेमकं हवं : ४२ आठवडे पूर्ण झाले, पाणी गेल्याला २४ तास होत आले आणि कळा नाहीत, रक्तदाब चढला, पाणी हिरवट आलं, ताप आला. "ते आपण तेव्हा बघू" हे उत्तर नाही.

एवढं ऐकूनही दोन गोष्टी दिसल्या तर ताबडतोब उठा. पहिली म्हणजे कळा वाढवायचं इंजेक्शन किंवा गोळी घरीच द्यायची तयारी. बाळ बाहेर आल्यावर जे ऑक्सिटोसिन जीव वाचवतं, तेच बाळ पोटात असताना घरी टोचलं तर गर्भाशय फाटू शकतं, बाळ गुदमरू शकतं. दुसरी म्हणजे बाळ लवकर यावं म्हणून पोटावर जोराने दाब देण्याची सवय.

५. हॉस्पिटलात नाव घालायचंच

हे ऐकलं की काही जणी हिरमुसतात. घरचं ठरवलं आणि वर हॉस्पिटल कशाला? माझ्या मते हॉस्पिटलाशिवाय घरचं बाळंतपण म्हणजे तयारी नव्हेच. मिडवाइफ ठरायची वाट न बघता, या आठवड्यात जाऊन नाव नोंदवा. रात्रीही सिझर होतं का, रक्ताची सोय आहे का, नवजात बाळासाठी विभाग आहे का, हे तिन्ही विचारा. घरचा विचार आहे हे तिथे सांगा. टोमणे ऐकावे लागले तर ऐकून घ्या. कागदावर नाव असलं की पहाटे तीनला दारात पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही.

मग एकदा खरोखर गाडीने जाऊन या, एकदा भर गर्दीच्या वेळी आणि एकदा रात्री. नकाशावरची १५ मिनिटं जिन्यापासून दारापर्यंत धरली तर पंचवीस भरतात. रुग्णवाहिका यायला किती वेळ लागतो हे मिडवाइफला विचारा, तिला अनुभवाने ठाऊक असतं. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का? मावत नसेल तर जिन्यावरून कोण आणि कसं उतरवणार? घर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, अशा वेळी तळमजल्यावरच्या एखाद्या नातेवाइकाच्या घरी बाळंत होणं अधिक शहाणपणाचं.

हॉस्पिटलची पिशवी भरून दाराशी ठेवा. फाईल तिच्यातच असू द्या.

६. ३६ व्या आठवड्यातली घरभेट

मिडवाइफ घर बघायला येते तेव्हा आवराआवर करत बसू नका. ती फरशी चमकते का हे बघत नाही. तिला हवा असतो एक टणक, चारी बाजूंनी फिरता येईल असा बिछाना, नळाला गरम पाणी, टाके घालण्याइतका उजेड, वीज गेली तर चालणारा मोठा टॉर्च, फोनला रेंज, आणि खोली किमान २५ अंशांपर्यंत उबदार ठेवायची सोय. ओलं बाळ मोठ्या माणसाला सुखद वाटणाऱ्या गारव्यातही झपाट्याने थंड पडतं, म्हणून पंखा आणि एसी बंद. पाण्याच्या टबात बाळंत व्हायचं मनात असेल तर तिला आत्ताच सांगा. ५०० लिटर पाणी म्हणजे अर्धा टन वजन, ते जमिनीला पेलतं का हा प्रश्न असतो, आणि पाणी ३७.५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं.

सामानाची यादी तीच देईल. साधारणपणे प्लॅस्टिकची चादर, जुन्या स्वच्छ चादरी, दहा-बारा टॉवेल, मोठे पॅड, वारेसाठी भांडं, कचऱ्याच्या पिशव्या, थर्मामीटर, बाळाची टोपी. निर्जंतुक सामान आणि औषधं तिने आणायची. तुम्हाला दुकानातून इंजेक्शनं आणायला सांगितलं तर का ते विचारा.

घरातल्या माणसांना कामं वाटून द्या : फोन कोण करणार, मोठ्या मुलाला कोण सांभाळणार, खाली उभं राहून रुग्णवाहिकेला दार कोण दाखवणार. घराचा पत्ता, जवळची खूण आणि नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा. स्वतःच्याच घराचा पत्ता घाबरलेल्या माणसाला सांगता येत नाही.

७. पैसे आणि कागद

लिखित करार करा, एक पान पुरे. किती पैसे, त्यात कोणत्या भेटी, दुसऱ्या मदतनिसाचे वेगळे का, हॉस्पिटलात हलवलं तर काय, ती पोचायच्या आत बाळ झालं तर काय. हलवल्यावर ती हॉस्पिटलात सोबत राहणार का, हेही लिहून घ्या. जन्माची नोंद कोण करणार आणि त्यासाठी कोणता दाखला मिळणार, हे न चुकता विचारा. घरच्या बाळाचे कागद पुढे अडकतात ते इथेच.

८. बोलवायचं केव्हा

दुसऱ्या खेपेच्या बायका उशिरा बोलवतात आणि पहिलटकरणी फार लवकर. पहिल्या खेपेला साधारण पाच मिनिटांनी येणारी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर तशीच येत राहिली की बोलवा. आधी मूल झालेलं असेल तर कळा नियमित झाल्या की लगेच, आणि मिडवाइफ लांबून येणार असेल तर त्याही आधी. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी कळवा आणि पाण्याचा रंग सांगा.

यात मात्र मिडवाइफच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल आणि वाटेत तिला फोन :

- अंगावरून ताजं लाल रक्त जाणं, किंवा कळ ओसरल्यावरही पोट लाकडासारखं घट्ट राहणं
- बाळाची हालचाल कमी होणं किंवा थांबणं
- हिरवट किंवा तपकिरी पाणी
- जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली दुखणं, झटके
- ३८ अंश किंवा अधिक ताप
- पाण्याबरोबर नाळ बाहेर येणं

शेवटचा प्रकार विरळा आहे, पण त्यात आधी रुग्णवाहिका बोलवा. मग गुडघे आणि कोपरांवर ओणवं व्हा, डोकं खाली, कंबर वर. नाळेला हात लावू नका, आत ढकलू नका.

आणि मिडवाइफ पोचायच्या आतच बाळ यायला लागलं तर? घाईत होणारी बाळंतपणं बहुधा सोपी असतात. रुग्णवाहिकेला फोन करून तो स्पीकरवर ठेवा. बाळंतिणीने जमिनीजवळ, कुशीवर किंवा ओणवं राहावं. बाळाला ओढू नका, ते आपणहून येतं, फक्त हातात झेला. लगेच कोरड्या टॉवेलने पुसा, ओला टॉवेल टाकून द्या, आईच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून दुसरा कोरडा टॉवेल आणि टोपी. रडलं नाही तर पाठ जोमाने चोळा आणि फोनवरचा माणूस सांगेल तसं करा. नाळ कापायची घाई नाही. वार आपोआप आली तर भांड्यात घेऊन बाळाच्या उंचीला ठेवा, नाळ मात्र खेचू नका.

९. बाळ झाल्यावर ती किती वेळ थांबणार

निदान दोन तास, आणि तुम्हाला लघवी होऊन बाळाने दूध ओढेपर्यंत. त्या वेळात वार पूर्ण आल्याची खात्री, टाके, दोघांच्या तपासण्या, आणि बाळाला व्हिटॅमिन के. पहिल्या २४ तासांतली भेट ठरलेली हवी, त्यानंतर ४८ ते ७२ तासांमधली, मग दुसऱ्या आठवड्यातली आणि सहा आठवड्यांनी एक. कावीळ आणि दुधाच्या तक्रारी तिसऱ्या दिवसाच्या आसपासच डोकं वर काढतात, त्यामुळे ती दुसरी भेट टाळू देऊ नका.

मधल्या काळात तासाभरात पॅड चिंब होत असेल, ताप आला, बाळ दूध ओढत नसेल, मिनिटाला ६० हून जास्त श्वास घेत असेल, गार लागत असेल किंवा पहिल्याच दिवशी पिवळं दिसलं, तर फोनवर सल्ला घेत बसू नका, निघा.

१०. कुणीच मिळालं नाही तर

असं होतं, आणि उशिरा सुरुवात केली की बऱ्याचदा होतं. म्हणून शोधाला आधीच एक शेवट ठरवून ठेवा : ३८ आठवडे. तोवर वरच्या चाळणीतून पार पडलेली मिडवाइफ मिळाली नाही, तर घराचा विचार सोडा. त्या टप्प्यावर माणसं चाळणी मोठी करायला लागतात. दुसरी मदतनीस नसली तरी चालेल, हॉस्पिटल तासाभरावर असलं तरी चालेल, शेवटी कुणी नसलं तरी आपण दोघं करू. त्या वाटेने जाऊ नका.

उरलेले दिवस हॉस्पिटलात घरातलं काय काय नेता येईल, यावर घालवा. मिडवाइफ चालवतात असा विभाग तिथे आहे का? सुरुवातीच्या कळा घरी काढून उशिरा भरती होता येईल का, आणि तेवढ्या वेळासाठी एखादी मिडवाइफ घरी येईल का? पूर्ण बाळंतपणाला नाही म्हणालेल्या काही जणी याला हो म्हणतात. हिंडू-फिरू देणार का, हवं तसं बसून-ओणवून बाळंत होऊ देणार का, सोबतीचं माणूस शेवटपर्यंत राहील का, बाळ लगेच छातीवर देणार का, नाळ मिनिटभर थांबून कापणार का, आणि सगळं ठीक असेल तर किती तासांत घरी सोडणार? हे एका पानावर लिहा, पुढच्या तपासणीला डॉक्टरांपुढे ठेवा आणि प्रत्येक ओळीला हो किंवा नाही करून घ्या. ते पान फाईलच्या पहिल्या खिशात ठेवा. भरती होताना फाईल पहिल्यांदा जी नर्स उघडेल, तिला ते सगळ्यात आधी दिसलं पाहिजे.